पहिला बाण

पाहुणे आले की माझे सासरे चहाच्या आधी त्यांना फाट्यावरचा सिग्नल दाखवायला न्यायचे. खांबाशी उभे राहून हात वर करायचे आणि सांगायचे की पहिला बाण आमचा आहे. पाहुणा बिचारा मान डोलवायचा. म्हाताऱ्याला ऊन लागलंय, असंच त्याला वाटत असणार.

सासऱ्यांचं नाव पुंडलिकराव, गाव मोहटोला. भंडाऱ्याहून पवनीला जाणाऱ्या रस्त्यावर आमचा फाटा लागतो. रस्त्याच्या एका अंगाला मोहटोला, दुसऱ्या अंगाला सावरगोंदी. पवनीकडून येणारा फाट्यावर उजवीकडे वळला की आमच्या गावात येतो. भंडाऱ्याकडून येणारा उजवीकडे वळला की सावरगोंदीत जातो. दोघांनाही वळण्यासाठी समोरून येणारी गाडी आडवी कापावी लागते, आणि सगळी भानगड त्यातच आहे.

मी रीता, त्यांची सून. माहेर आंबागडचं. किल्ल्याखाली वाढलेल्या माणसाला लांबून कोण येतंय हे टक लावून पाहायची सवय असते, असं माझे वडील म्हणायचे. मला ती जरा जास्तच लागली. दूध उतू गेलं तर भांडं उतरवायच्या आधी मी गॅस कोणी मोठा केला ते विचारते. नवरा, योगेंद्र, माझ्या या स्वभावाला हसतो. हसू दे. न हसता चौकशी केलेली बरी, असं माझं मत आहे.

रस्ता रुंद झाला, मधे दुभाजक आला, दोन राईस मिल उभ्या राहिल्या आणि फाट्यावर रोज कोणी ना कोणी धडकायला लागलं. तेव्हा सिग्नल आला. आधी साधा होता, लाल, पिवळा आणि गोल हिरवा. हिरवा लागला की सरळ जाणारे सुटायचे आणि उजवीकडे वळणारे मधोमध येऊन थांबायचे. समोरून फट मिळाली की वळायचं. पण धानाच्या दिवसांत फट कोण देतो? पोती लादलेले ट्रॅक्टर मधेच अडकून पडायचे आणि मागचे हॉर्न वाजवून त्यांचा उद्धार करायचे.

मग दोन्ही गावांनी वळण्यासाठी वेगळा बाण मागितला. फाट्यावरच्या समाजमंदिरात बैठक झाली. रस्त्याच्या खात्यातल्या नव्या इंजिनिअर तृप्ती मॅडम आल्या होत्या. अंगानं बारीक, बोलायला मऊ. त्यांनी फळ्यावर चौक काढून सांगितलं की तीन तऱ्हा आहेत. आहे तसंच ठेवायचं, ही एक. दुसरी म्हणजे बाण हिरवा असेल तेव्हाच वळायचं, एरवी वळणाऱ्याला लाल बाण. तिसरीत दोन्ही चालतं: हिरव्या बाणावर बिनधास्त वळा, आणि बाण गेल्यावरही गोल हिरवा असेपर्यंत फट पाहून वळा. त्यांना स्वतःला दुसरी तऱ्हा पसंत होती.

दुसरीवर दोन्ही गावं एकदम तुटून पडली. रस्ता मोकळा दिसत असताना लाल बाणाकडे बघत बसायला आम्हाला काय कामधंदे नाहीत का, असा सूर निघाला. मीही त्यात होते. पवनीत चष्म्याच्या दुकानात मी कामाला आहे, संध्याकाळी परतताना पाच मिनिटंही माझ्या जिवावर येतात. तिसरी तऱ्हा ठरली.

दोन्ही बाजूंचे बाण एकदमच लावून पाहिले. पहिल्याच आठवड्यात तणसानं, म्हणजे धानाच्या पेंढ्यानं, भरलेले दोन ट्रॅक्टर, एक आमचा आणि एक सावरगोंदीचा, चौकाच्या मधोमध वळताना एकमेकांना घासले आणि अर्धं तणस रस्त्यावर आलं. म्हणजे बाण एकामागून एक द्यायला हवेत. इथपर्यंत सगळं शहाणपणाचं होतं. पुढचा प्रश्न आला की पहिला कोणाला, आणि तिथं शहाणपण संपलं.

यासाठी आमचा पोळा माहीत हवा. फाट्याच्या मैदानात दोन्ही गावांचे बैल एकाच तोरणाखाली जमतात. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, होतात, तोरण तुटतं आणि पहिली जोडी निघते ती आमच्या घरची. सासऱ्यांच्या आजोबांपासून हा मान आमचा आहे, आणि तेव्हापासून सावरगोंदीच्या पोटात दुखतं. एका वर्षी त्यांनी जोडी पुढे घुसवली तर काठ्या निघाल्या होत्या. आता त्या मैदानाला लागूनच सिग्नलचा खांब.

पुन्हा बैठक भरली तेव्हा सासरे उठले आणि म्हणाले, "पोऱ्यात पयली जोडी आमची, तं बाण बी पयला आमचाच."

सावरगोंदीचे वासुदेवराव म्हणजे त्यांच्याच वयाचे, त्यांच्याइतकेच ताठ. ते बसूनच बोलले. पहिला नाही तर नाही, आम्हाला शेवटचा द्या, आमच्या मागून कोणीच वळायचं नाही. दोन तास खल झाला. तृप्ती मॅडमनी घड्याळ पाहिलं, कपाळ चोळलं आणि तोडगा काढला. सुरुवातीला मोहटोल्याचा बाण. मग मधे दोघांनाही गोल हिरवा. शेवटी मोहटोल्याची बाजू बंद करून सावरगोंदीचा बाण. दोघांचाही मान राहिला. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. त्या दिवशी मला कोणाचाच संशय आला नाही, ही नवलाची गोष्ट.

अपघात धान निघाल्यावर झाला. सासूबाईंना, सत्यभामाबाईंना, मी चष्मा लावून घ्यायला पवनीला नेलं होतं. दुकानातच त्यांनी तो घालून पाहिला, आरशात दोनदा बघितलं, आणि रस्त्यात पडेल म्हणून डबीत घालून पिशवीत ठेवला. उन्हं कलताना आम्ही फाट्यावर पोचलो. आमचा बाण नुकताच विझला होता, गोल हिरवा लागला होता. मी स्कूटी मधोमध नेऊन थांबवली. मागे सासूबाई नेहमीसारख्या एका अंगाला पाय सोडून बसलेल्या.

समोरून गाड्यांची रांग संपेना. फट मिळाली नाही. आणि समोरच्या खांबावरचा आमचा दिवा पिवळा झाला. पिवळा झाला की समोरचेही थांबतात, हे मला गाडी शिकल्यापासून माहीत होतं. आणि खरंच, समोरचा ट्रॅक्टर थांबलेला दिसला. मी वळले. ट्रॅक्टरच्या पलीकडून टेकचंदचा छोटा हत्ती टेम्पो आला आणि आमच्या डाव्या अंगावर आदळला.

टेकचंद सावरगोंदीचा. त्या छोट्या चारचाकीतून गुरांच्या ढेपेची पोती गावोगाव पोचवतो. त्या दिवशी आसगावला सरळ चालला होता. माझं कोपर सोललं. सासूबाईंचे दोन्ही पाय त्याच अंगाला होते. मांडीचं हाड मोडलं.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात जमादार सेवकराम जबाब घ्यायला आले तेव्हा सासरे माझ्या शेजारी उभे होते. समोरच्या बाजूचा सिग्नल बंद झाला होता का, असं जमादारांनी विचारलं. झाला होता, मी म्हणाले. त्यात विचारण्यासारखं काय होतं? माझा पिवळा होऊन लाल होत होता, म्हणजे त्याचाही तसाच. जमादारांनी लिहून घेतलं, मी सही केली. टेकचंदवर सिग्नल तोडून भरधाव गाडी चालवल्याचा गुन्हा लागला. गाडी ठाण्याच्या आवारात जाऊन उभी राहिली.

तो दुसऱ्या दिवशी दवाखान्यात संत्री घेऊन आला. सासऱ्यांनी पिशवी जिन्यावरूनच परत पाठवली. मला तर ते बरंच वाटलं. ज्याची चूक नाही तो संत्री कशाला आणेल, असा माझा हिशोब होता. आणि नसती आणली तर मी म्हणाले असते, बघा, साधं विचारायलाही आला नाही. संशयाला सगळंच चालतं.

गावात एकच गोष्ट बोलली जाऊ लागली. सावरगोंदीनं दावा साधला. पहिला बाण गेल्याची जळजळ होती, ती पुंडलिकरावांच्या घरावर काढली. सावरगोंदीत उलट चालू होतं. चष्म्याच्या दुकानात बसून लोकांना अक्षरं वाचायला लावते आणि हिलाच दिवा दिसला नाही, असं म्हणून बायका हसायच्या. मला ते कळलं तेव्हा मी पाटा धुता धुता रडले. मग चिडले. टेकचंदला शिक्षा झालीच पाहिजे, हे त्या दिवशी पक्कं झालं.

सासूबाई मात्र काही बोलत नव्हत्या. मांडीत सळी घातली होती. घरी आल्यावर त्या वॉकर धरून ओट्यापर्यंत यायच्या आणि परत खाटेवर जायच्या. धानाच्या रोवणीला आयुष्यभर सगळ्यात पुढे राहिलेली बाई. एकदा मी विचारलं, तुमचं तोंड त्याच बाजूला होतं, तुम्हाला तो दिसला असेल ना? त्या म्हणाल्या की गाडी दिसली, पोराचं तोंड दिसलं, पोरगाही माझ्याइतकाच घाबरला होता. मला हे उत्तर आवडलं नाही. दावा साधणारा घाबरत नाही.

उन्हाळा लागता लागता टेकचंद मला फाट्यावर भेटला. पानठेल्याच्या सावलीत बसलेला होता. गाडी नाही, लायसन जमा, दुसऱ्यांची पोती चढवायला जात होता. मी मान वळवून चालले होते. तो उठून रस्त्यात आडवा नाही आला, बाजूलाच उभा राहिला.

"ताई, माहा हिरवा होता," तो म्हणाला.

सगळेच तसं म्हणतात, मी म्हणाले.

"तुमी माहा दिवा पायला का?"

समोरच्याचा दिवा आपल्याकडे पाठ करून असतो. तो कोणालाच दिसत नाही. आपण आपला पाहतो आणि त्याचा धरून चालतो. मी जबाबात जे सांगितलं ते पाहिलेलं नव्हतं. मला त्याचा इतका राग आला की घरी जाऊन मी योगेंद्रला जेवण वाढतानाही बोलले नाही. राग त्याचा होता की माझा, ते मात्र विचारू नका.

दोन दिवस ते डोक्यात घोळत राहिलं. तो खोटं बोलतोय हे एकदा सिद्ध करावं आणि निवांत व्हावं, म्हणून मी रविवारी सकाळी योगेंद्रला फाट्यावर नेलं. त्याला भंडाऱ्याच्या बाजूला उभं केलं, सावरगोंदीवाल्यांच्या दिव्यासमोर. मी आमच्या दिव्यासमोर उभी राहिले. फोन लावला. माझा पिवळा झाला की मी सांगणार, त्यानं त्याचा सांगायचा.

"झाला पिवळा," मी म्हणाले.

"इकडे हिरवा हाय," तो म्हणाला.

मी म्हणाले, मस्करी नको. तो म्हणाला, मस्करी कायले करू? पुन्हा पाहिलं. माझा पिवळा, माझा लाल, आणि तो फोनवर हिरवा, हिरवाच म्हणतोय, आता बाण बी लागला म्हणतोय. मला माझ्या नवऱ्याचाही भरवसा वाटेना. आम्ही जागा बदलल्या. उन्हात तिथं उभं राहून मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. फोनवर योगेंद्र म्हणाला, लाल झाला. माझ्यासमोर गोल हिरवा तसाच जळत होता आणि गाड्या सरळ पवनीकडे धावत होत्या.

मी पानठेल्याच्या बाकावर बसले आणि पाणी मागून प्यायले.

तरीही मी लगेच मानलं नाही. सावरगोंदीवाल्यांनी मागाहून कोणाला तरी हाताशी धरून दिवे फिरवले असतील, असं मी योगेंद्रला सांगितलं. तो म्हणाला, चल, विचारून येऊ. सोमवारी दुकानाला सुट्टी टाकून आम्ही भंडाऱ्याला तृप्ती मॅडमकडे गेलो.

कोणी सिग्नलला हात लावला का, असं मी त्यांना जरा चढ्या आवाजातच विचारलं. त्या म्हणाल्या, नाही, बैठकीत ठरलं तसाच आहे. मग मी रविवारी पाहिलेलं सांगितलं. त्या कागद ओढून चौक काढू लागल्या. तेच फळ्यावरचं चित्र. आमचा बाण, मग दोघांचा गोल हिरवा, मग आमचं बंद आणि त्यांचं चालू. पेन तिथंच थांबलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. ज्याचा बाण सुरुवातीला, त्याची बाजू आधी बंद होते. बाणावरच वळायचं असतं तर काही बिघडलं नसतं. पण गोल हिरव्यावर मधोमध जाऊन थांबलेल्या माणसाला आपला पिवळा दिसतो आणि वाटतं की समोरचाही थांबतोय. समोरचा थांबत नाही, कारण त्याचं अजून सुरू असतं. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या चालतात, एकत्र आल्या की सापळा होतो. ट्रॅक्टर थांबला होता, कारण त्याला सावरगोंदीला वळायचं होतं. टेकचंदला सरळ जायचं होतं.

"मी तेव्हाच पाहायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "भांडण मिटलं याच आनंदात होते."

मी त्यांना चार शब्द सुनवायचे ठरवून गेले होते. लाल बाण नको म्हणून त्या बैठकीत ओरडणाऱ्यांत मीही होते, ते आठवलं आणि शब्द गिळले. हे पुन्हा बदलता येईल का, एवढं विचारलं. त्या म्हणाल्या, आजच लिहिते, पण दोन्ही गावांची बैठक घ्यावी लागेल. आणि टेकचंदचं काय? ते तुमच्या जबाबावर आहे, त्या म्हणाल्या.

घरी सासऱ्यांना सांगणं हे खरं संकट होतं. ओट्यावर बसून ते बैलाच्या वेसणीची दोरी वळत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी दोरी खाली ठेवली नाही. आधी म्हणाले, त्या इंजिनिअर बाईला सावरगोंदीनं गाठलं. मग म्हणाले, योगेंद्रला दिवे कळत नाहीत. मग माझ्याकडे पाहिलं.

"तुले टेकचंदनं शिकवलं," ते म्हणाले. "घरच्या मानसाचा पाय मोडला आन् तू त्याहिची बाजू घेऊन राहिली."

आयुष्यभर मी दुसऱ्यांवर असेच डोळे रोखले असणार. ते आपल्यावर रोखले जातात तेव्हा कसं वाटतं, ते त्या दिवशी समजलं. मी म्हणाले, बाबा, तुम्ही स्वतः चला. ते म्हणाले, मी त्या पोराच्या नादी लागून रस्त्यावर तमाशा करायला येणार नाही.

आतून सासूबाईंचा आवाज आला. "मले ने."

दवाखान्यातून आल्यापासून त्या फाटकाबाहेर गेल्या नव्हत्या. योगेंद्रनं ऑटो आणला. दोघांनी धरून त्यांना बसवलं. वॉकर पुढे ड्रायव्हरच्या शेजारी ठेवला. ऑटो सुरू झाला तेव्हा सासरे धोतराचा सोगा सावरत मागून आले आणि माझ्या स्कूटीवर बसले.

ऑटो भंडाऱ्याच्या बाजूला, कडुनिंबाखाली उभा केला. सासूबाई आतच बसून राहिल्या, दिवा समोर. योगेंद्र बाजूला, त्याचा फोन त्यांच्या हातात. मी सासऱ्यांना आमच्या दिव्यासमोर घेऊन आले आणि फोनचा आवाज मोठा करून त्यांच्या हातात दिला. टेकचंद पानठेल्याशी होता. आम्हाला पाहून त्याने तोंडातला सुपारीचा तुकडा थुंकला आणि तसाच उभा राहिला, जवळ आला नाही. त्यालाही वाटलं असणार, हे काय नवीन कुभांड?

पहिला बाण लागला. आमचा. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर सवयीनं समाधान आलं. बाण गेला, गोल हिरवा राहिला. एक मोटरसायकल मधोमध जाऊन थांबली. मग आमचा दिवा पिवळा झाला.

"पिवळा झाला," सासरे फोनमध्ये ओरडले. चौकातल्या गोंगाटावर आवाज चढवायची त्यांची सवय.

"इकडे हिरवा हाय जी," सासूबाई म्हणाल्या.

"नीट पाय."

"हिरवाच हाय."

आमचा लाल झाला. मोटरसायकलवाला वळायला निघाला होता, तो समोरून येणारा ट्रक पाहून कचकन थांबला. ट्रक त्याच्या पुढच्या चाकाला चाटून गेला. सासऱ्यांनी फोन कानापासून दूर धरला, मग परत जवळ घेतला.

"चष्मा लाव आन् सांग," ते म्हणाले. आवाज आता चढलेला नव्हता.

"लावूनच हाय," सासूबाई म्हणाल्या. "त्याच दिवशी आनला नाई का."

पुढच्या वेळीही तेच झालं, त्याच्या पुढच्या वेळीही. कोणी थांबायला सांगितलं नाही, तरी सासरे हलले नाहीत. त्या फोनवर फक्त सांगत राहिल्या, अजून हिरवाच हाय जी, आणि हे लाल दिव्याकडे बघत उभे राहिले. शेवटी त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि खांबाला टेकले. म्हाताऱ्या माणसाला रस्त्यावर रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. मी पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि त्यांनी पुसू दिलं.

दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात जाऊन जबाब बदलला. समोरचा दिवा मी पाहिला नव्हता, असं सांगितलं. जमादार सेवकरामांनी पेन ठेवून मला न्याहाळलं. कोणाचा दाब आहे का, त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. मग इतक्या महिन्यांनी हे कसं सुचलं? मी त्यांना फाट्यावर उभं राहून बघायला सांगितलं. त्यांना माझा विश्वास वाटला नाही हे उघड होतं, पण ते गेले, आणि हवालदाराला समोरच्या बाजूला उभं करून बघून आले. मॅडमनीही खात्याकडून लिहून दिलं. टेकचंदची गाडी सुटली, मग लायसन मिळालं.

तो घरी आला नाही. एकदा रस्त्यात भेटला तेव्हा त्यानं मलाच विचारलं, ताई, जबाब काहून बदलला? उपकार मानायला नाही, खरंच संशयानं विचारलं. मी म्हणाले, तुझा दिवा पाहिला म्हणून. तो सासूबाई आता किती चालतात ते विचारून गेला.

मग पुन्हा बैठक झाली, त्याच समाजमंदिरात. या वेळी तृप्ती मॅडम ठाम होत्या. बाण हिरवा असेल तेव्हाच वळायचं, एरवी लाल बाण. कोणी कुरकुर केली नाही. सासूबाईंना योगेंद्रनं पुढच्या खुर्चीवर आणून बसवलं होतं, वॉकर त्यांच्यासमोर उभा होता. मॅडम म्हणाल्या, आता क्रम कोणताही ठेवला तरी धोका नाही, फक्त एकाचा आधी आणि एकाचा नंतर. आणि थांबल्या. पुन्हा तोच प्रश्न आला होता.

सासरे उठले. खोकले.

"पयला बाण त्याहिले द्या," ते म्हणाले. "सावरगोंदीले."

आमच्याकडचे लोक एकमेकांकडे बघू लागले. योगेंद्रचे डोळे भरले. मला वाटलं, आता टाळ्या पडतील, वासुदेवराव उठून मिठी मारतील. मी माझ्या मेल्या स्वभावालाही त्या क्षणी माफ केलं.

वासुदेवरावांनी मिशी चोळली. "काहून?" ते म्हणाले.

सासरे म्हणाले, असंच. आमच्या मनानं.

असंच? सावरगोंदीच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. तीन पिढ्यांचा मान हा माणूस असाच सोडतो? पहिला घेतला तेव्हा त्याच्या घरचं माणूस मोडलं, आता तोच पहिला आपल्या गळ्यात घालतोय? मॅडमनी दोनदा सांगितलं की आता आधी-नंतर दोन्ही सारखंच आहे. सारखंच आहे तर म्हातारा देतोय कशाला, असं कोणीतरी मागून बोललं. ते सगळे बाहेर जाऊन झाडाखाली उभे राहिले. खिडकीतून त्यांची हलणारी डोकी दिसत होती. टेकचंदही त्यांच्यातच होता.

आत येऊन वासुदेवरावांनी हात जोडले. "आमाले शेवटचाच पायजे," ते म्हणाले. "तुमचं तुमच्यापाशी रावू द्या."

मॅडमनी तसं लिहून घेतलं.

घरी आल्यावर सासरे ओट्यावर टेकले. मी पाण्याचा गडू दिला तो तसाच हातात राहिला. योगेंद्र सासूबाईंना ऑटोतून उतरवून आणत होता. त्यांनी पायरीशी वॉकर टेकवला, एक पाय वर घेतला, दुसरा ओढून घेतला, आणि नवऱ्यासमोर दम खायला थांबल्या.

"माहा पाय गेला," त्या म्हणाल्या, "आन् मान अजून तुमच्याच दारात हाय."

सासऱ्यांनी गडू खाली ठेवला आणि त्यांना आत न्यायला हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही, वॉकरच धरला, आणि आत गेल्या.